लॅबव्ह्यूची व्हीआय उघडत नाहीये? सेव्ह दाबायच्या आधी हे करा

चाकणच्या एका लाइनवर लीक टेस्टचं बेंच होतं (पीस गळतो का ते तपासणारं मशीन, लॅबव्ह्यू या चित्रांतून प्रोग्राम लिहायच्या सॉफ्टवेअरवर चालणारं), जुलै महिना, दुपारी लाईट गेली आणि यूपीएसने दहा सेकंदसुद्धा धरलं नाही, आणि नेमकी तेव्हाच मी मेन व्हीआय, म्हणजे लॅबव्ह्यूमधली मुख्य प्रोग्राम फाइल, सेव्ह करत होते. लाईट आल्यावर ऑपरेटर काकांनी पीसी चालू केला, लॅबव्ह्यू उघडलं आणि तिकडून हाक मारली, "मॅडम, कसली तरी खिडकी आलीये, डिस्कार्ड म्हणून बटण आहे, दाबू का?" मी धावतच गेले, "काका, काही दाबू नका, आहे तसंच राहू द्या." त्या खिडकीत माझ्या व्हीआयची ऑटोसेव्ह कॉपी होती. डिस्कवरची मूळ फाइल पूर्ण गेली होती आणि ती ऑटोसेव्ह कॉपीच कामी आली.

तेव्हापासून कोणाचीही व्हीआय बिघडली की माझ्याकडे येतात, म्हणून एकदा नीट सगळं लिहून काढतेय. मुख्य गोष्ट आधीच सांगते. "करप्ट झाली" हे आपण फार पटकन म्हणतो, पण व्हीआय म्हणजे एक गोष्ट नाहीये, त्यात चार-पाच वेगळे भाग असतात आणि बहुतेक वेळा त्यातला एकच बिघडलेला असतो, कधीकधी तर फाइल ठणठणीत असते आणि शेजारची दुसरीच फाइल खराब असते. कुठला भाग गेलाय ते आधी शोधायचं, मग हात लावायचा. घाईत उलटसुलट बटणं दाबली आणि वर सेव्ह केलं की जे वाचणार होतं तेही जातं.

आधी हात मागे घ्या

लॅबव्ह्यू उघडं असेल आणि विचित्र वागत असेल तर सेव्ह करू नका. सेव्ह ऑल तर अजिबात नको. बंद करताना "सेव्ह चेंजेस" विचारेल तिथे डोंट सेव्ह. मग विंडोज एक्सप्लोररमध्ये जाऊन पूर्ण प्रोजेक्टचा फोल्डर, फक्त ती एक व्हीआय नाही, पूर्ण फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर कॉपी करा, नावात तारीख टाका, आणि प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ती कॉपी रीड-ओन्ली करून ठेवा. यापुढचं सगळं काम दुसऱ्या एका कॉपीवर करायचं. म्हणजे तीन झाल्या: मूळ जागेवरची, जपून ठेवलेली आणि कामाची. पाच मिनिटं जातात, पण लाइन बंद असताना मागे प्रॉडक्शनवाले उभे असतात आणि तेव्हाच माणूस ही पायरी गाळतो, म्हणून एवढं सांगतेय.

त्यानंतर डॉक्युमेंट्समधला "लॅबव्ह्यू डेटा" हा फोल्डर उघडा आणि त्यातला "एलव्हीऑटोसेव्ह" नावाचा फोल्डर तसाच्या तसा उचलून बाजूला कॉपी करा. रिकव्हरीच्या खिडकीत कोणी कॅन्सल दाबलं असेल तर त्या फाइल्स त्याच्याच आतल्या "आर्काइव्हज" फोल्डरमध्ये सापडतात, तिथे बघायला विसरू नका. डॉक्युमेंट्स फोल्डर वनड्राइव्हमध्ये गेलेला असेल, आजकालच्या नव्या लॅपटॉपवर बऱ्याचदा असतो, तर हे फोल्डरही तिकडेच असतील.

खरंच करप्ट आहे का?

माझ्याकडे "करप्ट" म्हणून आलेल्या पुष्कळ फाइल्स करप्ट नव्हत्याच. सगळ्यात जास्त वेळा दिसणारा प्रकार व्हर्जनचा. कॉलेजच्या लॅबमध्ये जुनं लॅबव्ह्यू आहे, मुलाने घरी नवीन कम्युनिटी एडिशन टाकली, घरी उघडून सेव्ह केलं आणि दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये फाइल उघडेना. एरर ११२५ आली तर सरळ अर्थ आहे की फाइल तुमच्या लॅबव्ह्यूपेक्षा नवीन व्हर्जनमध्ये सेव्ह झालीये. उपाय म्हणजे जिथे नवीन व्हर्जन आहे तिथे जाऊन फाइल मेनूमधलं "सेव्ह फॉर प्रीव्हियस व्हर्जन" करून आणायचं. ११२६ आली तर उलटं, फाइल इतकी जुनी आहे की तुमचं लॅबव्ह्यू ती बदलून घेऊ शकत नाही, मग मधलं एखादं व्हर्जन असलेला पीसी शोधून दोन टप्प्यांत वर आणावी लागते.

दुसरा प्रकार म्हणजे रन बटणाचा बाण तुटलेला दिसतो आणि लोक घाबरतात. तुटलेला बाण म्हणजे फाइल खराब नाही, कोड चालण्याच्या अवस्थेत नाही एवढंच. त्या बाणावर क्लिक करा किंवा कंट्रोल-एल दाबा, एरर लिस्ट येते आणि ती नीट वाचा, वरची ओळ नाही, पूर्ण. सबव्हीआय (आत वापरलेली दुसरी व्हीआय) सापडत नाही, टूलकिट टाकलेलं नाही, डीएलएल (बाहेरची कोड लायब्ररी) नाही, टाइपडेफ (अनेक व्हीआयमध्ये वापरलेल्या कंट्रोलची एकच सामायिक व्याख्या) बदललाय, अशी साधी कारणं असतात. प्रोग्राममधून व्हीआय उघडताना एरर १००३ येते तेव्हाही हाच अर्थ, ती किंवा तिच्या खालची एखादी व्हीआय तुटलेली आहे किंवा सापडत नाहीये. नवीन पीसीवर टाकताना हे हमखास होतं कारण जुन्यावर रिअल-टाइम किंवा व्हिजन मॉड्यूल होतं आणि नव्यावर टाकायचं राहिलं.

आणि ब्लॉक डायग्राम (जिथे वायर जोडून कोड काढलेला असतो) उघडतच नाही, पॅनल (बटणं आणि ग्राफ असलेली समोरची खिडकी) मात्र छान चालतं, असं असेल तर कोणीतरी ती व्हीआय डायग्राम काढून किंवा पासवर्ड लावून दिलेली असू शकते. व्हेंडरने दिलेल्या बेंचवर हे नेहमीचं आहे. डायग्राम काढलेला असेल तर तो फाइलमध्ये नाहीच, कितीही खटपट केली तरी येणार नाही, व्हेंडरकडे सोर्स मागा.

फाइलच्या पोटात काय असतं

हे थोडं समजून घेतलं तर पुढचं सगळं सोपं जातं. लॅबव्ह्यू १९८६ साली पहिल्यांदा आलं ते मॅकिंटॉशवर, विंडोजवर १९९२ मध्ये आलं, आणि जुन्या मॅकमध्ये फाइलचे भाग "रिसोर्स" म्हणून ठेवायची पद्धत होती, तिचीच छाप व्हीआयच्या फॉरमॅटवर आजही आहे. म्हणून प्रत्येक व्हीआय फाइलची सुरुवात आर-एस-आर-सी या चार इंग्रजी अक्षरांनी होते. आत वेगवेगळे कप्पे असतात: एकात फ्रंट पॅनल, एकात ब्लॉक डायग्राम, एकात कनेक्टर पेन (दुसऱ्या व्हीआयशी जोडायची टोकं) आणि आयकॉन, एकात व्हर्जन, आणि एकात कंपाइल केलेला मशीन कोड, म्हणजे डायग्रामवरून लॅबव्ह्यूने बनवलेला, पीसी थेट चालवतो तो. शेवटचा कप्पा २०१० च्या व्हर्जनपासून फाइलच्या बाहेर ठेवता येतो, त्यावर पुढे येते.

आता कामाच्या कॉपीवर पहिली तपासणी. फाइलची साइज बघा. शून्य केबी असेल तर त्यात काही नाही, थेट बॅकअपकडे जा. साइज बरोबर दिसत असेल तर कुठल्याही हेक्स एडिटरमध्ये (फाइलचे बाइट आकड्यांत दाखवणारा प्रोग्राम) उघडा, काही नसेल तर विंडोजच्या पॉवरशेलमध्ये "फॉरमॅट-हेक्स" कमांड आहे, तिच्यापुढे फाइलचं नाव दिलं की बाइट दिसतात. चांगल्या व्हीआयचे पहिले आठ बाइट असे असतात:

५२ ५३ ५२ ४३ ०डी ०ए ०० ०३

पहिले चार म्हणजे ती आरएसआरसी अक्षरं. त्याच्या लगेच पुढे एलव्हीआयएन आणि मग एलबीव्हीडब्ल्यू ही अक्षरं दिसतात. कंट्रोल किंवा टाइपडेफची फाइल असेल तर एलव्हीआयएनच्या जागी एलव्हीसीसी असतं.

इथे तीन वेगवेगळ्या गोष्टी दिसू शकतात आणि तिन्हींचा अर्थ वेगळा.

सगळीकडे ०० ०० ०० ०० दिसतंय. हे माझ्या चाकणच्या फाइलचं झालं होतं. एक्सप्लोररमध्ये साइज जशीच्या तशी, दीड एमबीच्या वर, तारीखही आजची, आणि आत सुरुवातीपासून शेवटपर्यंत नुसती शून्यं. लाईट गेली की असं होतं कारण विंडोजने फाइलची जागा आणि साइज नोंदवलेली असते पण खरा डेटा डिस्कवर उतरायच्या आधीच करंट गेलेला असतो. या फाइलमध्ये तुमचं काहीही नाहीये हे मान्य करा. "रिपेअर" करून देतो म्हणणारं कुठलंही सॉफ्टवेअर शून्यातून डायग्राम काढू शकत नाही, त्यावर पैसे आणि अर्धा दिवस घालवू नका, सरळ बॅकअपच्या भागाकडे जा.

सुरुवात ठीक आहे पण ०डी ०ए च्या जागी नुसतं ०ए आहे. हे बघितल्यावर मला फार बरं वाटतं, कारण बिघाड कशामुळे झाला ते लगेच कळतं. कोणीतरी फाइल टेक्स्ट समजून हलवलीये. रिअल-टाइम कंट्रोलरवर एफटीपीने टाकताना मोड ॲस्की राहिला, किंवा गिटमध्ये (फाइल्सच्या जुन्या आवृत्त्या जपणारं सॉफ्टवेअर) कोणीतरी सगळ्याच फाइल्सना टेक्स्ट ठरवणारा नियम लावला आणि ओळीच्या शेवटाची खूण बदलली गेली. असं झालेली फाइल दुरुस्त करत बसू नका, बाइट कुठेकुठे गळलेत ते सांगता येत नाही. मूळ जागेवरून बायनरी मोडमध्ये परत आणा. गिट असेल तर गिटॲट्रिब्यूट्स फाइलमध्ये व्हीआय, सीटीएल आणि एलएलबी एक्स्टेन्शन बायनरी म्हणून नोंदवा आणि फाइल परत काढा. गिटच्या साठ्यात जातानाच बदललेली असेल तर मात्र त्या कमिटच्या (नोंदवलेल्या आवृत्तीच्या) मागे जावं लागेल.

सुरुवात एकदम बरोबर. मग फाइलच्या शेवटाकडे जा आणि आरएसआरसी परत शोधा. हे हेडर फाइलमध्ये दोनदा असतं, एकदा सगळ्यात वर आणि एकदा मागे, जिथे कप्प्यांची यादी असते तिथे. दुसरं सापडलं नाही तर फाइल अर्धवट कापली गेलीये, पेनड्राइव्ह इजेक्ट न करता ओढला किंवा नेटवर्कवरून कॉपी मध्येच तुटली. यादीच नाही म्हटल्यावर लॅबव्ह्यूला कुठला कप्पा कुठे आहे ते कळत नाही. दुसरीकडे पूर्ण कॉपी असेल का ते शोधा. दोन्ही हेडर असतील तर आनंदाची बातमी, फाइलचा सांगाडा शाबूत आहे आणि आतला एखादा कप्पाच बिघडलाय, आता खरं काम सुरू.

आधी कंपाइलचा कचरा काढा

सोप्यापासून सुरू करते. बऱ्याचदा तुमचा डायग्राम एकदम बरोबर असतो, कंपाइल केलेला कोड शिळा किंवा बिघडलेला असतो. लक्षणं अशी: काल चालत होतं आज क्रॅश होतं, एका पीसीवर चालतं दुसऱ्यावर नाही, वायर बदलली तरी जुनंच वागतं, एरर लिस्ट रिकामी आणि बाण मात्र तुटलेला.

कंट्रोल आणि शिफ्ट दोन्ही दाबून धरा आणि रन बटणावर क्लिक करा. मेमरीतल्या सगळ्या व्हीआय नव्याने कंपाइल होतात. नुसतं कंट्रोल धरून क्लिक केलं तर समोरची एकच होते. मोठ्या प्रोजेक्टला वेळ लागतो, स्क्रीन अडकल्यासारखी दिसते, मध्ये मारू नका. त्यानेही फरक पडला नाही तर सगळं बंद करा, फक्त लॅबव्ह्यू उघडा, टूल्स, ॲडव्हान्स्ड, आणि "क्लिअर कंपाइल्ड ऑब्जेक्ट कॅश". कंपाइल कोड वेगळा ठेवलेल्या व्हीआयचा कोड या कॅशमध्ये असतो, डॉक्युमेंट्सच्या लॅबव्ह्यू डेटामधल्या "व्हीआयओबीजेकॅश" फोल्डरमध्ये. तो उडवला तर काही नुकसान नाही, परत तयार होतो. खिडक्या विचित्र जागी उघडताहेत, पॅलेट गायब, कुठलीही व्हीआय उघडली तरी गडबड असं असेल तर लॅबव्ह्यू बंद करून त्याच्या फोल्डरमधल्या लॅबव्ह्यू डॉट आयएनआय फाइलचं नाव बदलून बघा, पुढच्या वेळी नवीन बनते. हे दोन मिनिटांचं काम आहे.

मग मास कंपाइल. टूल्स, ॲडव्हान्स्ड, मास कंपाइल, आणि कामाच्या कॉपीचा फोल्डर द्या. मूळ फोल्डर देऊ नका, कारण हे प्रत्येक व्हीआय उघडून सध्याच्या व्हर्जनमध्ये सेव्ह करतं आणि मग जुन्या व्हर्जनचा रस्ता बंद होतो. निकालाचा लॉग फाइलमध्ये घ्यायचा पर्याय आहे तो टिक करा. लॉगमध्ये "बॅड व्हीआय" लिहिलेल्या ओळी बघा आणि सगळ्यात खालच्या पातळीच्या व्हीआयपासून सुरू करा. वरची मेन तुटलेली दिसते ती पुष्कळदा खालच्या एका छोट्या टाइपडेफमुळे, तो नीट झाला की वरच्या वीस आपोआप नीट होतात. मास कंपाइल एखाद्या फाइलवर येऊन क्रॅश होत असेल तर तीच तुमची गुन्हेगार, नाव लिहून घ्या, ती बाजूला काढा, परत चालवा.

उघडतानाच क्रॅश होत असेल

मेन व्हीआय डबल क्लिक केली की लॅबव्ह्यू गायब. इथे लोक मेनलाच धरून बसतात, पण मेन उघडताना तिच्या खालच्या शंभर व्हीआय उघडत असतात, त्यातली कुठलीही असू शकते. म्हणून मेनला एकटं पाडा. कामाच्या कॉपीमधून फक्त ती एक फाइल एका रिकाम्या फोल्डरमध्ये ठेवा, आणि सबव्हीआयच्या मूळ फोल्डरची नावं बदला किंवा झिप करून ठेवा म्हणजे लॅबव्ह्यू त्या शोधून काढणार नाही. उघडल्यावर ते एकेक सबव्हीआय विचारेल, "इग्नोर ऑल" दाबा.

उघडली? मग मेन ठीक आहे, बिघाड खाली आहे. बंद करा, सेव्ह करू नका, आता सबव्हीआयचे फोल्डर एकेक करून परत आणा, निम्मे आणून बघा, क्रॅश झालं तर त्यातले निम्मे, असं करत दहा मिनिटांत एका फाइलवर येता.

एकटीही उघडली नाही तर मेनच गेलीये. तरी एक युक्ती करा, नवीन कोरी व्हीआय काढा आणि बिघडलेली फाइल एक्सप्लोररमधून ओढून तिच्या ब्लॉक डायग्रामवर सबव्हीआय म्हणून टाका. असं केलं की तिचं पॅनल लगेच स्क्रीनवर काढावं लागत नाही, आणि पॅनलवरच्या एखाद्या ग्राफमुळे क्रॅश होत असेल तर ती इथे टिकते. टिकली की या कोऱ्या व्हीआयमधून "सेव्ह फॉर प्रीव्हियस व्हर्जन" करा, खालच्या व्हीआयही त्याबरोबर जातात, आणि ती जुनी आवृत्ती उघडून बघा. व्हर्जन बदलताना लॅबव्ह्यूला सगळं नव्याने लिहावं लागतं आणि त्यात कधीकधी खराब तुकडा गळून पडतो. कधीकधी म्हणतेय, दर वेळी नाही.

क्रॅशचे लॉग लॅबव्ह्यू डेटामधल्या "एलव्हीइंटर्नलरिपोर्ट्स" मध्ये असतात. त्यातली सीपीपी फाइलची नावं आणि लाइन नंबर आपल्याला थेट उपयोगी नाहीत, पण दर वेळी तीच लाइन येतेय की वेगळी, एवढं बघा. तीच येत असेल तर फाइल. दर वेळी वेगळी असेल तर मी आधी रॅम आणि हार्डडिस्क तपासते, ड्रायव्हर तपासते, कारण एका बेंचवर आठवडाभर व्हीआय दुरुस्त करत बसलो होतो आणि शेवटी हार्डडिस्कच मरायला टेकलेली निघाली.

"इनसेन ऑब्जेक्ट" आलं तर

हा मेसेज पहिल्यांदा बघून माणूस दचकतो. इनसेन ऑब्जेक्ट ॲट असं लिहून पुढे चार अक्षरं आणि एक आकडा असतो. फोटो काढून ठेवा, कारण ती चार अक्षरंच सगळं सांगतात. एफपीएचपी असेल तर बिघाड फ्रंट पॅनलच्या कप्प्यात आहे, बीडीएचपी असेल तर ब्लॉक डायग्रामच्या. नवीन व्हर्जनमध्ये शेवटचं अक्षर पी च्या जागी बी दिसतं, अर्थ तोच.

पॅनलचा असेल तर संशय आधी कस्टमाइज केलेल्या कंट्रोलवर, मोठ्या ग्राफवर, टॅब कंट्रोलवर आणि जुन्या व्हर्जनमधून ओढत आणलेल्या कंट्रोलवर. एकेक कंट्रोल पॅलेटमधून नव्याने काढायचा, जुन्याच्या जागी जोडायचा, जुना डिलीट, वेगळ्या नावाने सेव्ह, बंद, परत उघडा. मेसेज गेला का बघा. कंटाळवाणं आहे पण खात्रीचं आहे.

डायग्रामचा असेल तर नवीन कोरी व्हीआय घ्या आणि जुन्यातला कोड तुकड्या-तुकड्याने न्या. पूर्ण कंट्रोल-ए करून एका दमात पेस्ट करायचा मोह होतो, पण त्यात वेडा झालेला ऑब्जेक्टही बरोबर येतो. एक केस, एक लूप, एक फ्रेम, प्रत्येक तुकड्यानंतर सेव्ह करून बंद करून उघडायचं. ज्या तुकड्यानंतर मेसेज आला तो तुकडा हाताने परत काढा, पेस्ट नको. लोकल व्हेरिएबल आणि प्रॉपर्टी नोड बरोबर कंट्रोललाच जोडलेत का हे एकेक करून बघा.

उघडते पण कंपाइल होत नाही किंवा चालवलं की पडते, अशा वेळी डायग्राम डिसेबल स्ट्रक्चर वापरा. अर्धा कोड त्यात टाका, तेवढा भाग कंपाइल होत नाही. बाण जुळला तर बिघाड त्या अर्ध्यात, मग त्याचं अर्धं.

कुठल्याही क्षणी व्हीआय उघडी दिसतेय पण सेव्ह होत नाहीये असं झालं तर बंद करू नका. फाइल मेनूमधून प्रिंट करून डॉक्युमेंटेशन एचटीएमएलमध्ये काढा, त्यात केसच्या लपलेल्या फ्रेमसुद्धा चित्रात येतात. महत्त्वाच्या भागांचे एडिट मेनूमधून व्हीआय स्निपेट काढा, ती पीएनजी फाइल असते पण आत खरा कोड असतो, कोऱ्या डायग्रामवर ओढली की वायरसकट उतरते. ती व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, चित्र दाबलं जातं आणि आतला कोड जातो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

प्रोजेक्ट, लायब्ररी आणि डेटा फाइल

प्रोजेक्ट, लायब्ररी आणि क्लासच्या फाइल्स साध्या एक्सएमएल असतात, नोटपॅडमध्ये उघडतात. प्रोजेक्ट उघडत नसेल आणि तुमच्याकडे गिट असेल तर आधी त्यात मर्जच्या भांडणाच्या खुणा, "लहान आहे" चिन्हांची लांबलचक रांग आणि पुढे हेड असं लिहिलेलं, शोधा. दोघांनी एकाच दिवशी प्रोजेक्टला हात लावला की हे होतं. प्रोजेक्ट अगदीच गेला तरी रडू नका, त्यात फक्त यादी आणि बिल्डच्या सेटिंग असतात, कोड नाही. एलएलबी मात्र एकाच फाइलमध्ये सगळ्या व्हीआय कोंबलेली असते, ती बिघडली की सगळ्या एकदम अडकतात, म्हणून जुन्या एलएलबी वेळ मिळेल तेव्हा साध्या फोल्डरमध्ये काढून ठेवा.

टेस्टचा डेटा टीडीएमएसमध्ये (लॅबव्ह्यूचा मोजमापाचा डेटा ठेवायचा फाइल प्रकार) असेल आणि उघडत नसेल तर शेजारची टीडीएमएस-इंडेक्स फाइल उडवा, मुख्य फाइल नाही हां, फक्त इंडेक्स, ती परत बनते. रेकॉर्डिंग चालू असताना लाईट गेली तर शेवटच्या तुकड्याच्या हेडरमध्ये पुढच्या तुकड्याचा पत्ता नुसता एफएफ एफएफ भरलेला राहतो, ही फॉरमॅटमधली माहीत असलेली अवस्था आहे, त्याच्या आधीचा सगळा डेटा सहसा वाचता येतो.

काहीच उरलं नसेल तेव्हा शोधायच्या जागा

शून्यं भरलेली फाइल असेल तर या क्रमाने बघते: एलव्हीऑटोसेव्ह, मग फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमधलं प्रीव्हियस व्हर्जन्स, वनड्राइव्ह असेल तर त्याची व्हर्जन हिस्ट्री, मग ईमेलच्या सेंटमध्ये कधी झिप पाठवली होती का, आणि शेवटी दुसऱ्या स्टेशनचा पीसी. एकाच लाइनवर तीन सारखी बेंच असतात आणि दुसऱ्यावर महिन्यापूर्वीचा सोर्स पडलेला असतो, माझी ऑटोसेव्हमधली मेन आणि शेजारच्या स्टेशनवरच्या दोन सबव्हीआय अशी मोट बांधूनच ते बेंच उभं राहिलं. बिल्ड केलेल्या ईएक्सईवर आशा ठेवू नका, त्यात डायग्राम सहसा काढून टाकलेला असतो. पायथनमध्ये लिहिलेलं पायलॅबव्ह्यू नावाचं एक ओपन सोर्स टूल आहे, ते व्हीआयचे कप्पे सुटे करून एक्सएमएलमध्ये काढतं. सांगाडा शाबूत आहे आणि लॅबव्ह्यू ऐकतच नाहीये अशा वेळी जाणकार माणसाच्या हातात ते उपयोगी पडतं, पण रात्री अकराला पहिल्यांदा हात लावायची ती गोष्ट नाही.

आणि हे सगळं निस्तरल्यावर त्याच दिवशी तीन सेटिंग करून टाका. टूल्स, ऑप्शन्स, एन्व्हायर्नमेंटमध्ये रिकव्हरीसाठीचं ऑटोमॅटिक सेव्हिंग चालू आहे का बघा आणि मिनिटं कमी करा. "सेपरेट कंपाइल्ड कोड फ्रॉम सोर्स फाइल" लावा, म्हणजे नुसतं कंपाइल झालं म्हणून व्हीआय परत सेव्ह करायची वेळ येत नाही, आणि सेव्ह जितकी कमी तितका लाईट जाण्याचा धोका कमी. आणि गिट किंवा तसंच दुसरं एसव्हीएन वापरा, एकटे असलात तरी. पेनड्राइव्हवरून किंवा शेअर्ड ड्राइव्हवरून थेट व्हीआय उघडून काम करू नका, आधी लोकल डिस्कवर घ्या.

लाइन चालू करायच्या आधी

दुरुस्त झालेली व्हीआय चालतेय म्हणजे बरोबर चालतेय असं नाही, आणि इथे मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. नवीन व्हीआयमध्ये कोड हलवला की कनेक्टर पेन, आयकॉन, रीएन्ट्रंट (एकाच वेळी अनेक ठिकाणी चालू शकणारी) आहे की नाही, प्रायॉरिटी, हे सगळं कोऱ्या व्हीआयचं असतं, व्हीआय प्रॉपर्टीजमध्ये जाऊन एकेक लावावं लागतं. आणि जिथे कंट्रोल नव्याने काढला तिथे त्याची डिफॉल्ट व्हॅल्यू शून्य झालेली असते. आमच्या लीक टेस्टमध्ये वरची लिमिट कोणीतरी पूर्वी पॅनलच्या डिफॉल्टमध्येच ठेवली होती, नवीन कंट्रोलमध्ये ती शून्य झाली आणि पहिला चांगला पीस फेल आला, म्हणून कळलं. उलटं असतं, खालची लिमिट शून्य झाली असती आणि खराब पीस पास होत गेले असते, तर संध्याकाळपर्यंत कोणाच्या लक्षात आलं नसतं.

म्हणून ॲक्च्युएटरची हवा आणि पॉवर बंद ठेवून आधी सिम्युलेट करून चालवा. मग सेन्सरचं रीडिंग हातातल्या कॅलिब्रेटेड गेजशी ताडून बघा. मग एक नक्की चांगला मास्टर पीस आणि एक नक्की खराब मास्टर पीस, दोन्ही प्रत्येकी पाच वेळा. चांगला पाचही वेळा पास आणि खराब पाचही वेळा फेल आला, आकडे जुन्या रिपोर्टच्या आसपास आले, की मी व्हीआय कमिट करते आणि मग काकांना सांगते, "आता घ्या स्टार्ट."